खांद्याखालची काजळी

“पितळ श्वास घेतं, पोरी.”

बाबा हे म्हणाले तेव्हा लिनिया एवढीशी होती. कामाच्या बाकावर हनुवटी टेकायची तर तिला कॉफीच्या रिकाम्या डब्यावर उभं राहावं लागे. शेडमध्ये तेलाचा, लाकडाच्या भुशाचा आणि बंदुकीच्या जळलेल्या दारूचा वास भरलेला असे. तिच्या बाबांनी, ऑल्विन हॅगस्ट्रॉमांनी, नुकत्याच उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी तिच्या तळहातावर ठेवली होती. पुंगळी कोमट होती, पाखराच्या अंड्यासारखी.

“दारू पेटली की ही फुगते. ज्या कोठीत काडतूस बसतं, नळीच्या त्या कोठीला आतून अशी चिकटून बसते, की धुराला मागे यायला केसाएवढी फट राहत नाही. गोळी गेली की पुन्हा निवते, आपल्या मापाची होते. फुगली, निवली. तुझ्या कानाला आवाज कळायच्या आधी सगळं झालेलं असतं.”

“मग कळायचं कसं?”

“ती अंगावर लिहून ठेवते ना. आपण वाचायचं.”

लिनियाने तेव्हा पुंगळी कानाला लावली होती. काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. देवळात उभं राहावं तशी.

आता लिनियाचेच केस पांढरे होते. जे गेले ते भुरे होते, उपचार संपल्यावर जे परत आले ते पांढरे, मऊ, कोकराच्या लोकरीसारखे. गेल्या वर्षी तिचा उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, आणि बिगहॉर्न डोंगरावर बर्फ पडून वितळेपर्यंत ती अंथरुणाला खिळून होती. आणि नेमक्या याच वर्षी, इतकी वर्षं अर्ज करून करून, वरच्या राखीव टापूतल्या एल्कच्या, म्हणजे मोठ्या डोंगरी हरणाच्या, शिकारीचा परवाना सोडतीत तिच्या नावाने निघाला होता. सकाळी खिडकी उघडली की कड्यावरून नर एल्कची शीळ खाली यायची. घशातून उठून आभाळाला चिरत जाणारी ती शीळ ऐकली की हातातला चहाचा कप हातातच राहायचा.

काडतुसं बाबांनीच भरली होती. आजवर लिनियाने दुसऱ्या कोणी भरलेलं काडतूस उडवलंच नव्हतं.

“नेहमीचंच माप,” बाबांनी डबी पुढे सरकवत सांगितलं होतं.

घरामागच्या घळीत, मातीच्या बांधावर कागद लावून ती पहिल्यांदा पालथी पडली. खांद्याला दस्ता लावताना तिने डोळे मिटले. ज्या जागी दस्ता टेकतो त्याच्या बोटभर खाली तिचा व्रण सुरू होत होता. चाप ओढला. बंदुकीने धक्का दिला खरा, पण ओळखीच्या घोड्याने मान घासावी तेवढाच. लिनियाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, झालं, अंग परतलं माझं.

मग तिने बोल्ट मागे ओढला, आणि पुंगळी गवतात पडली.

काळी. मानेवर थोडी काजळी नेहमीच असते. पण ही काजळी मान ओलांडून, मानेखाली पुंगळी रुंदावते तो खांदा ओलांडून, पार अंगाच्या निम्म्यापर्यंत ओघळली होती, रडलेल्या बाईच्या काजळासारखी. दुसरी तशीच. तिसरीही तशीच. शिवाय कागदावरची भोकं मध्याच्या चार बोटं खाली.

बाबांच्या हातच्या पुंगळ्या कधी अशा निघाल्या नव्हत्या. त्यांच्या पुंगळ्या पॉलिश केलेल्या शिंगांसारख्या पिवळ्याधमक बाहेर यायच्या. गावातली माणसं त्या पाहायला यायची.

लिनिया घाबरली. काजळीमुळे नव्हे, कर्टमुळे.

कर्ट तिचा धाकटा भाऊ, कॅस्पर शहरात ट्रॅक्टर विकायचा. गेल्या महिन्यात बाबांच्या गाडीच्या किल्ल्या फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यावर सापडल्या होत्या, आणि त्याआधी एकदा ते कुत्र्याला तीन कुत्र्यांमागच्या, कधीच मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाका मारत बसले होते. तेव्हापासून कर्टने धोशा लावला होता. येत्या रविवारी तो ट्रेलर घेऊन येणार होता आणि अख्खा बाक, दाबयंत्र, तराजू, दारूचे डबे, सगळं उचलून नेणार होता.

“अगं, दारू आणि म्हातारा एका खोलीत ठेवायचा का? तूच सांग,” तो फोनवर म्हणाला होता. “एक माप चुकलं तर बंदूक तुझ्या तोंडावर फुटेल.”

“बाबांचं माप चुकत नाही.”

“आजवर नाही चुकलं. चुकलं तर मला कळवशील? खरं सांग.”

तिने शब्द दिला होता.

तिने पुंगळ्या खिशात घातल्या आणि शेडमध्ये गेली. बाबा स्टुलावर बसून कुत्र्याच्या पट्ट्याला टाके घालत होते. तिने पुंगळ्या बाकावर मांडल्या. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक पुंगळी दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवली.

“हं,” ते म्हणाले.

“हं काय?”

“काजळी आहे.”

“ते मला आंधळीलाही दिसलं असतं.”

“मग मला कशाला विचारतेस?” ते हसले. मग गंभीर झाले. “नुसत्या मानेवर असती तर मी पुसून टाकली असती. खांद्याखाली उतरली म्हणजे पितळाने कोठी धरली नाही. बघ, इकडच्या अंगाला जास्त आहे, तिकडे कमी. म्हणजे काडतूस कोठीत तळाशी टेकून पडलं होतं, वरच्या बाजूने धूर मागे आला. तू चाप ओढलास तेव्हा वारा डावीकडून होता का गं?”

“होता.”

“बंदूक किंचित कलवतेस तू वाऱ्यात. लहानपणापासून.”

लिनिया बघतच राहिली. बोटभर पितळावरून या माणसाने तिचं बंदूक कलवणं, वारा, तिची लहानपणची खोड, सगळं वाचलं होतं. या माणसाचं डोकं जातंय? कसं शक्य होतं?

“मग बरं कसं करायचं?”

“पितळ म्हातारं झालंय. कितीदा तरी भरलंय ते. दर वेळी फुगायचं, निवायचं, साच्यात घालून दाबून घ्यायचं. मान कडक होते. कडक मानेचं पितळ वाकत नाही, माणसांसारखंच. ताव द्यावा लागेल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शेडची दारं लावून घेतली, खिडकीवर गोणपाट टांगलं. बाहेर लख्ख ऊन होतं, आत मिट्ट काळोख. पितळाचा रंग अंधारातच दिसतो. बाबांनी गॅसची बत्ती पेटवली. निळी ज्योत सुईसारखी उभी राहिली. लिनियाने ड्रिलच्या तोंडाला बसवलेल्या वाटीत एक पुंगळी ठेवली आणि ड्रिल हळू फिरवलं. पुंगळीची मान ज्योतीत गरगरू लागली.

“घाई नको. बघत राहा. थांब... थांब...”

आधी काहीच नाही. मग मानेच्या कडेवर, असल्या-नसल्यासारखी, लाली उमटली. पहाटे डोंगराच्या माथ्यावर उजेड यायच्या आधी जी चाहूल येते तेवढीच.

“सोड!”

तिने वाटी कलती केली. पुंगळी पाण्याच्या बादलीत पडली, चर्र झालं. पुन्हा काळोख. दुसरी, मग तिसरी. दर वेळी तीच लाली, दर वेळी तोच चर्र. बाबांचा चेहरा निळ्या उजेडात दिसायचा आणि नाहीसा व्हायचा. एकदाही त्यांचा आवाज चुकला नाही. एक क्षण आधी सोडली तर पितळ कडकच राहिलं असतं, एक क्षण नंतर तर मेणासारखं निकामी झालं असतं. त्यांचं “सोड” त्या दोन क्षणांच्या मधल्या फटीत नेमकं पडत होतं.

“तुम्हाला कळतं कसं?” तिने अंधारात विचारलं.

“तुला ब्रेड ओव्हनमधून कधी काढायचा ते कळतं ना?”

“मी ब्रेड दुकानातून आणते, बाबा.”

“तरीच,” ते म्हणाले, आणि अंधारात दोघंही हसली.

त्या पुंगळ्या बाबांनीच पुन्हा भरल्या. लिनियाने पुन्हा घळीत जाऊन बार काढले. काजळी थोडी वर सरकली, पण खांद्याखाली होतीच. गोळ्या अजूनही खाली लागत होत्या.

“कोठी साफ करू या,” बाबा म्हणाले. कोठी घासूनपुसून आरशासारखी केली. काजळी तशीच.

“टोप्या जुन्या असतील.” पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या नव्या टोप्या घातल्या. काजळी तशीच.

“मग बंदूकच झिजली म्हणायची,” बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

लिनिया शेडच्या उंबऱ्यावर बसली. कुत्रं येऊन तिच्या पायाशी पडलं. तिच्या मनात काहीतरी टोचत होतं, आणि ते काय, हे तिला हळूहळू समजत होतं. बाबांनी सगळी कारणं सांगितली होती. पितळ, कोठी, टोपी, बंदूक. फक्त एक सोडून. जे कोणत्याही नवशिक्याला आधी सांगतात. जे त्यांनीच तिला सर्वांआधी शिकवलं होतं: काजळी खाली उतरली की आधी दारूचं माप बघ. दारू कमी पडली की दाब कमी, दाब कमी की पितळ अर्धवटच फुगतं.

हेच बाबा विसरले होते? कितीतरी वर्षं जे ते झोपेतही बडबडले असते, तेच?

कर्टला शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबा कुत्र्याला गाडीत घालून गुरांच्या मिठाच्या विटा आणायला बाजारात गेले. गाडीची धूळ रस्त्यावर निवेपर्यंत लिनिया खिडकीत उभी होती. मग शेडमध्ये गेली.

आधी तराजू. बाबांचा दांडीचा जुना तराजू, त्याच्या शेजारी मखमलीच्या खणात पितळी वजनं. तिने वजनं टाकून पाहिली. काटा रेघेवर येऊन थांबला. तराजू खरा होता. मग डबीतलं एक भरलेलं काडतूस तिने हातोडीसारख्या हत्यारात बसवलं आणि ओंडक्यावर आपटलं. दोन-तीन ठोक्यांत गोळी सुटली, दारूचे दाणे हत्याराच्या पोटात पडले. बारीक कापलेल्या काळ्या काड्या. तिने ते पारड्यात ओतले.

पाच ग्रेन कमी.

लिनियाने हात टेकले. ग्रेन हे दारू तोलायचं बारीक वजन; पाच ग्रेन म्हणजे चिमूटभरही नाही, पण बाबांच्या बाकावर पाच ग्रेन म्हणजे डोंगर. अर्ध्या ग्रेनसाठी त्यांनी कर्टला एकदा जेवणावरून उठवून परत तोलायला लावलं होतं. म्हणजे कर्टचंच खरं. तिला रडू आलं नाही, नुसतं पोकळ वाटलं, धान्य काढून घेतलेल्या कोठारासारखं.

पाणी किती खोल आहे ते तरी बघू, म्हणून तिने दुसरं काडतूस फोडलं. पाच ग्रेन कमी.

तिसरं. पाच ग्रेन कमी.

ती थबकली. मग भराभर एकेक फोडू लागली. ओंडक्यावर ठोके पडत होते, दाणे पारड्यात पडत होते, आणि दर वेळी दांडी डोलायची, डोलत डोलत मंद व्हायची, आणि काटा त्याच रेघेवर, त्याच केसावर येऊन उभा राहायचा. डबी रिकामी झाली तेव्हा शेडमध्ये इतकी शांतता होती की तिला स्वतःचं रक्त ऐकू येत होतं.

विसरणारा हात एकदा जास्त घालतो, एकदा कमी. थकलेला हात एकदा इकडे कलतो, एकदा तिकडे. सगळीकडे सारखाच, दाण्याचाही फरक न करता चुकणारा हात जगात नाही. हा हात चुकलाच नव्हता. त्याने जाणूनबुजून, दर वेळी तोलून, दर वेळी तेवढंच काढून घेतलं होतं.

काय काढून घेतलं होतं?

लिनियाचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. दस्ता टेकतो तिथे. त्याच्या बोटभर खाली. दारू कमी, म्हणून धक्का कमी; तिथे बंदुकीने फक्त मान घासली होती, ओळखीच्या घोड्यासारखी.

ती वर्षभर आजारी होती तेव्हा बाबा अंगणापलीकडच्या आपल्या घरातून रोज यायचे. बीनचं सूप ठेवून जायचे. अंगणातला बर्फ उपसायचे, तिच्या गाडीचं तेल बदलायचे, गळणारा नळ बसवायचे. एका अक्षराने कधी आजाराबद्दल विचारलं नाही. दारातून टोपी हातात घेऊन म्हणायचे, “बरी आहेस ना?” आणि ती म्हणायची, “मी ठीक आहे.” मग ते निघून जायचे. तिला वाटायचं, त्यांना पाहवत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघतच नाहीत.

आणि त्यांनी एवढं नेमकं पाहिलं होतं. व्रण कुठून सुरू होतो, दस्ता कुठे टेकतो, मधल्या बोटभर जागेत किती धक्का पोहोचतो आणि किती पोहोचायला नको, ते सगळं, न विचारता, दाण्यादाण्याने.

तिने खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. डोंगर तसाच होता. पण तिला वाटलं, आपण त्याच्यापेक्षा मोठं काहीतरी पाहिलंय, आणि ते या पारड्यात मावलंय.

तिने कर्टला फोन लावला.

“रविवारी ये. पण ट्रेलर आणू नकोस.”

“का? माप नीट निघालं?”

“इतकं नीट, की तुला सांगूनही कळायचं नाही.”

“मग मी काय करायला येऊ?”

“जेवायला. येताना तो रुबार्बच्या आंबट देठांचा केक आण, तुझ्या बायकोच्या हातचा. तुझ्या हातचा नको.”

संध्याकाळी बाबा परत आले. मिठाच्या विटा उतरवल्या, शेडमध्ये डोकावले. बाकावर सुटलेल्या गोळ्यांची रांग होती, रिकाम्या पुंगळ्या होत्या, आणि बशीत दारूचा छोटासा ढीग.

“सगळी फोडलीस?”

“सगळी.”

“मग?”

“सगळी सारखीच.”

“असणारच. मी काय काल भरायला लागलो?” त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. मग खाली बघत म्हणाले, “काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापाखाली गेलो नाही. तेवढी अक्कल आहे. काजळी येणार ते ठाऊक होतं. तू इतकी निरखून बघशील असं वाटलं नव्हतं.”

“निरखायला कोणी शिकवलं?”

“चुकलंच ते.”

“आणि मला दोन दिवस पितळ भाजायला, कोठी घासायला लावलंत?”

“पितळाला गरज होतीच त्याची.”

“बाबा.”

ते स्टुलावर बसले. कुत्रं त्यांच्या गुडघ्याला नाक लावून उभं राहिलं.

“आणि एल्क लांब उभा राहिला असता तर?” लिनियाने विचारलं. “गोळी खाली लागली असती. जखमी होऊन कुठेतरी मेला असता बिचारा.”

“लांब राहू दिलाच नसता. वरचा झरा मला माहीत आहे, पहाटे तिथेच उतरतात ते. वारा आपल्या तोंडावर ठेवून तुला अगदी जवळ नेणार होतो. इतकं जवळ की त्याचा वास आला असता तुला. तिथे हे माप पुरतं.”

“तुम्ही सगळा विचार केला होता.”

“दुसरं काय करायचं मला? दिवसभर बसूनच तर असतो.”

“मला सांगायचं होतं ना नुसतं. मीच म्हटलं असतं, कमी भरा.”

बाबांनी बशीतला एक दाणा बोटाच्या टोकावर उचलला, बघितला, परत टाकला. बाहेर कड्यावरून शीळ आली, वर चढत गेली आणि तुटली. दोघांनीही मान वर केली नाही.

“सांगायचं म्हणजे,” ते म्हणाले, “आधी विचारावं लागलं असतं.”

“मग विचारा.”

त्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे अगदी लहान, ओलसर दिसत होते. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले, आणि वर्षभर दारात उभं राहून, टोपी चुरगाळत, जे त्यांच्या ओठांवर येऊन मागे फिरत होतं ते विचारलं.

“दुखतं का गं तुला?”

‘मी ठीक आहे’ हे शब्द सवयीने लिनियाच्या जिभेवर आले. तिने ते गिळले.

“हो, बाबा,” ती म्हणाली. “अजून खूप दुखतं.”